ॲल्युमिनियमची सायकल वापरताय? या चुका टाळा

‘ॲल्युमिनियम गंजत नाही’ असं दुकानात ऐकून लोक सायकल घरी आणतात आणि मग तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. तिला लाल गंज चढत नाही, एवढंच खरं.

सगळ्यात जास्त छळणारी चूक म्हणजे सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा फ्रेमच्या नळीत सरकणारा दांडा, ग्रीस न लावता कोरडा ठेवणं. स्वस्तातल्या बऱ्याच सायकलींत फ्रेम ॲल्युमिनियमची आणि सीटपोस्ट लोखंडी असतो. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून बसलेले असताना मध्ये पावसाचं पाणी किंवा खारट घाम झिरपला, की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरी पूड धरते. ही पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, त्यामुळे पोस्ट आतल्या आत आवळला जातो.

आमच्या सोसायटीतला एक मुलगा कोथरूडहून हिंजवडीला सायकलने जायचा. दोन पावसाळे त्याने सीटला हात लावला नाही. मग सायकल धाकट्या भावाला द्यायची ठरली, तर सीट खाली जाईना. त्याने हातोडी मारली. कुणाच्या तरी सांगण्यावरून पाइपपाना लावला, तर पोस्टच पिळवटला. माझ्याकडे आणली तेव्हा एकच उपाय उरला होता: पोस्ट वरून कापायचा, आत हॅक्सॉचं नुसतं पातं घालून त्याला उभी चीर पाडायची आणि तो आतल्या बाजूला दुमडून ओढून काढायचा. तेही पातं फ्रेमला लागू न देता. सकाळी बसलो, पोस्ट निघाला दिवेलागणीला. बोटभर ग्रीस लावायचा कंटाळा आणि वर हातोडीची घाई, अशी या दोन चुकांची जोडी मी फार वेळा पाहिली आहे.

मी मृगाच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास पोस्ट पूर्ण बाहेर काढतो. उंचीच्या खुणेला चिकटपट्टी लावतो, नळी आतून फडक्याने पुसतो आणि ग्रीसचा पातळ हात देतो. पोस्ट कार्बनचा असेल तर ग्रीस नको, त्याची वेगळी पेस्ट मिळते. पोस्ट किमान किती आत हवा ते दाखवणारी त्याच्यावरची रेघ कायम फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे.

दुसरी चूक जिवावर बेतणारी आहे: तडा गेलेली फ्रेम कोपऱ्यावर नेऊन वेल्डिंग करून घेणं. जुन्या लोखंडी सायकलीला हे चालून जायचं, म्हणून लोकांना सवय आहे. बऱ्याच ॲल्युमिनियम फ्रेम ६०६१ जातीच्या मिश्रधातूच्या असतात. जोडकाम झाल्यावर कारखान्यात ती सुमारे ५३० अंशांना तापवून झटकन थंड करतात, मग कमी आचेवर काही तास भट्टीत ठेवतात. तिची ताकद येते ती या प्रक्रियेतून. नुसता डाग दिला की त्या जागेची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. वाकलेली फ्रेम ‘सरळ करून देतो’ म्हणणाऱ्यालाही माझं उत्तर नाहीच. तडा बहुतेक वेळा जोडापाशी सुरू होतो: हेड ट्यूबखाली (हँडलखालची पुढची आखूड नळी), बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस बसतो ती जागा) आसपास, सीट ट्यूबच्या (सीटपोस्टची नळी) वरच्या टोकाला. धुताना तिथे नख फिरवा. रंगाच्या ओरखड्यासारखी दिसणारी रेघ आठवड्याने वाढली असेल, तर ती फ्रेम भंगारात द्या. सिंहगडाचा उतार तिच्यावर उतरू नका.

डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं. पेडल बसवताना ते हाताने तीन-चार फेरे सहज फिरल्याशिवाय पाना लावू नका. ॲल्युमिनियमच्या क्रँकचे (पेडल बसतं त्या दांड्याचे) आटे एका जोरात जातात.

सायकल उजवीकडे पडली की आधी डेरेलियर हँगर, म्हणजे मागची गिअर बदलणारी यंत्रणा फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, बघा. तो बदलता यावा म्हणूनच वेगळा केलेला असतो. एक जादा आणून ठेवा. मॉडेलप्रमाणे आकार बदलतो आणि ऐनवेळी मिळत नाही.

डब्याच्या पिशवीसाठी कॅरियर लावायचा, तर फ्रेमला त्यासाठी दिलेली भोकं वापरा. पातळ नळीवर क्लॅम्प आवळला की ती चेपते.

आणि ‘ॲल्युमिनियम फार कडक, कंबर जाते’ ही तक्रार करण्याआधी टायर तपासा. २३ मिलिमीटरच्या टायरमध्ये १२० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठासून पुण्याच्या रस्त्यावर कुठलीच फ्रेम मऊ लागणार नाही. फ्रेममध्ये मावत असेल तर २८ चा टायर घाला आणि वजनाप्रमाणे ७०-८० वर या.