लेट्यूस, अरुगुला, अळीव: थंडीतली कच्च्या पानांची परसबाग

दसरा होऊन गेला की दुपारी ऑक्टोबरचा चटका असतो, पण पहाटे पांघरूण ओढावंसं वाटू लागतं. कच्च्या खायच्या पानांच्या तयारीला लागायची हीच वेळ. लेट्यूसला मानवणारे दिवस आपल्याकडे मोजून चार महिने मिळतात, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नाशिक, पुणे, सातारा या पट्ट्यात ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात रोपं टाकायला हरकत नाही. मराठवाडा आणि विदर्भात दिवाळीनंतर टाकावीत. कोकणात आणि गोव्यात रात्री उशिरा गार होतात, म्हणून तिथे डिसेंबर उजाडेपर्यंत थांबा आणि गड्डा धरणाऱ्या आइसबर्गच्या मागे न लागता सुट्ट्या पानांचे वाण घ्या.

घाई केली तर काय होतं ते मी पाहिलं आहे. पहिल्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस पत्र्याच्या शेडखाली तीन ट्रे पेरले. रोज पाणी दिलं, पंधरा दिवस वाट पाहिली आणि एकही दाणा उगवला नाही. बी खोटं निघालं असं समजून उरलेलं पाकीट कपाटात टाकलं. डिसेंबरात तेच बी सहज म्हणून कुंडीत भुरभुरलं तर चौथ्या दिवशी हिरवंगार उठलं. लेट्यूसचं बी उष्णतेत झोपून राहतं. माती 28-30 अंशांच्या वर तापली की पाणी मिळूनही ते उगवत नाही, आणि 15 ते 20 अंशांत तीन-चार दिवसांत वर येतं. लेट्यूस उगवलं नाही अशी तक्रार ज्यांची असते, त्यांतल्या बहुतेकांचं बी चांगलंच असतं, माती तापलेली असते.

म्हणून बी आधी गार करून घ्या. सुती फडकं भिजवून घट्ट पिळा, त्यावर बी पसरा, घडी घालून डब्यात ठेवा आणि डबा दोन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात राहू द्या. मग ट्रेमध्ये पेरा. बी अगदी हलकं असतं, एका ग्रॅममध्ये आठशे ते हजार दाणे भरतात, त्यामुळे चिमटीत घेतलं की वीस-पंचवीस दाणे एकाच जागी पडतात. कोरड्या बारीक वाळूत मिसळून भुरभुरलं तर सारखं पडतं. वर मातीचा थर देऊ नका. बऱ्याच वाणांच्या बियांना उगवायला उजेड लागतो. चाळलेलं गांडूळखत जेमतेम दाणा झाकेल एवढंच टाका, फवाऱ्यानं पाणी द्या आणि ट्रे घरातल्या सगळ्यांत गार पण उजेडाच्या जागी ठेवा, पाण्याच्या माठाशेजारी असेल तर उत्तम. मुंग्या हे बी ओढून नेतात. ट्रेखाली चार वाट्या ठेवून त्यांत पाणी भरलं की तो प्रश्न मिटतो.

उगवण दिसली की त्याच दिवशी ट्रे सकाळच्या उन्हात काढा. एक दिवस जरी अंधारात राहिली तरी रोपं दोऱ्यासारखी लांबतात आणि आडवी पडतात. तीन-चार आठवड्यांत चार-पाच पानं आली की लावणी करायची, तीही संध्याकाळी. रोपाचा गाभा मातीच्या वर राहिला पाहिजे. तो गाडला गेला की कुजतो. सुट्ट्या पानांच्या वाणांना वीतभर, म्हणजे 20 ते 25 सेंटीमीटर अंतर पुरतं, आइसबर्गला फूटभर द्या. मुळं उथळ असतात, त्यामुळे सहा-आठ इंच खोलीची कोणतीही पेटी चालते. गच्चीवर मासळीवाल्यांकडचे थर्मोकोलचे खोके धुऊन, तळाला भोकं पाडून वापरा. प्लॅस्टिकच्या कुंडीपेक्षा त्यांतली माती गार राहते.

खताबद्दल मात्र माझं आग्रहाचं सांगणं आहे. ही पानं आपण शिजवणार नाही. म्हणून लावणीनंतर ताजं शेण, शेणाची स्लरी, शेण-गोमूत्राचं जीवामृत यांतलं काहीही पानांवर फवारू नका आणि बुंध्याशीही ओतू नका. शेणातले रोगजंतू पानाच्या सुरकुत्यांत बसले तर नुसत्या धुण्यानं पूर्ण निघत नाहीत. पूर्ण कुजलेलं, मातीसारखा वास येणारं शेणखत किंवा गांडूळखत लावणीआधीच मातीत मिसळा. नाल्याचं, सांडपाण्याचं पाणी याच कारणासाठी वर्ज्य.

पाणी थोडं पण नेमानं द्या, सकाळीच आणि बुंध्याशी. दोन दिवस विसरून तिसऱ्या दिवशी बादलीभर ओतलं तर आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात. कोवळ्या पानापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही म्हणून हे होतं. आपल्या काळ्या जमिनीत चुना मुळातच भरपूर असतो, त्यामुळे वरून आणखी टाकून उपयोग नाही. पाण्याचा नेम बसवला आणि युरियाचा हात आवरला की नवी पानं स्वच्छ येतात.

मावा पानाच्या पाठीमागे दाटी करतो. रोज पाठ बघायची सवय लावा, सुरुवातीलाच बोटानं पुसून टाका किंवा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं उडवा. फारच वाढला तर पाच टक्के निंबोळी अर्क फवारा आणि त्यानंतर आठवडाभर तोडणी थांबवा. नागअळीची पांढरी वेडीवाकडी रेघ दिसली की ते पान खुडून नष्ट करायचं. गोगलगायी रात्री येतात. संध्याकाळी ओलं गोणपाट वाफ्याच्या कडेला टाकून ठेवलं तर सकाळी त्याखाली सगळ्या सापडतात. कच्च्या खायच्या पानावर विषारी कीटकनाशक नको, एवढ्यावर मी ठाम आहे.

लेट्यूस परदेशी वाटत असेल तर शेताच्या बांधावरची पाथरी आठवा. पान तोडलं की पांढरा चीक येतो, चव किंचित कडसर, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर ती आपण कच्चीच खातो. दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या आहेत, लेट्यूसचा देठ मोडला की तसाच चीक दिसतो. कोवळी करडई आणि मेथी बारीक चिरून, तेल, तिखट, मीठ, शेंगदाण्याचं कूट घालून केलेला घोळाणा ज्यांनी खाल्ला आहे, त्यांना कच्च्या पानांची गोडी वेगळी शिकवावी लागत नाही. म्हणून वाफ्यात एकट्या लेट्यूसवर थांबू नका. एका कडेला करडई दाट पेरा आणि वीतभर व्हायच्या आत खुडा, नंतर काटे येतात. आंबट चुका लावा. पावसाळ्यात आपोआप उगवणारी घोळ उपटून फेकू नका, तिची मांसल आंबटसर पानं काकडीबरोबर छान लागतात. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र चुका आणि घोळ जपूनच खावी. आणि पाथरी काय, घोळ काय, तणनाशक मारलेल्या शेतातून कधीही आणू नका.

अरुगुला हॉटेलात महाग विकला जातो, पण राजस्थान-हरियाणात तेलासाठी पिकणारा तारामिरा हीच वनस्पती. थेट जागेवर पेरा, लावणीची गरज नाही. महिन्याभरात पानं हाताला येतात. बारीक काळे भुंगेरे उड्या मारत पानांची चाळण करतात, त्यांच्यासाठी पेरल्या दिवसापासून बारीक जाळी घाला. नंतर घातली तर उपयोग कमी.

अळिवाचं मला खास कौतुक आहे. लाडवासाठी आणलेल्या पुडीतलंच बी चालतं, नवीन असलं म्हणजे झालं. भिजवू नका, ओलं झालं की त्याला बुळबुळीत आवरण येऊन गोळा होतो. पसरट ताटलीत बोटभर ओली माती किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या, त्यावर कोरडं बी दाट पेरा, फवारा मारा आणि वर दुसरी ताटली उपडी ठेवा. दोन दिवसांत बी उघडतं, मग उजेडात आणायचं. आठ-दहा दिवसांत बोटभर उंचीचं तिखटसर झुपकं तयार होतं, ते कात्रीनं कापायचं. थालीपिठावर लोण्यासोबत घालून बघा. दर रविवारी एक ताटली पेरली तर थंडीभर तुटवडा पडत नाही.

हाच हिशेब लेट्यूसला लावा. एकदम पाकीटभर पेरू नका, दर पंधरा दिवसांनी दहा-बारा रोपं पुरेत. डिसेंबर अखेरीस शेवटची पेरणी. झाड उपटायचं नाही, सकाळी दव असताना बाहेरची तीन-चार पानं खुडायची आणि गाभा राखायचा. लावणीनंतर महिन्याभरानं खुडणी सुरू होते आणि एकेक झाड पाच-सहा आठवडे देत राहतं. पानं दोन-तीन पाण्यांतून धुवा, फडक्यावर पूर्ण कोरडी करा, मगच डब्यात ठेवा. मीठ आणि लिंबू पानात वाढतानाच, आधी घातलं तर पानं मरगळतात.

फेब्रुवारीच्या मध्यापासून पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधली की अजून दोन-तीन आठवडे मिळतात. त्यानंतर, कांद्याला डेंगळे येतात तसा लेट्यूसच्या मधून दांडा निघतो आणि पानं कडू होतात. त्या वेळी सगळी झाडं काढू नका. सर्वांत उशिरा दांडा आलेलं, निरोगी एक झाड राखा, काठीचा आधार द्या. पिवळी बारीक फुलं सकाळी काही तासच उघडतात. लेट्यूसमध्ये परागीभवन बहुतांशी फुलातल्या फुलातच होतं, त्यामुळे बी वाणाला धरून राहतं. अरुगुलाचं तसं नाही, तो एकमेकांत मिसळतो, त्याची पाच-सहा झाडं तरी एकत्र सोडावी लागतात. लेट्यूसच्या फुलानंतर दोन-तीन आठवड्यांनी बोंडावर पांढरी लव दिसू लागली की दांडा वाकवून कागदी पिशवीत झटका, लव फुंकून उडवा, बी आठवडाभर सावलीत वाळवा. मग पाकिटावर वाण आणि महिना लिहून, घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. असं ठेवलेलं बी दोन-तीन वर्षं चांगलं उगवतं.