मोकळ्या हवेत योगासने आणि ध्यान : या चुका टाळा

झाडाखाली चटई टाकली की साधना आपोआप उंचावते, अशा समजुतीने येणारे नवशिके मी अनेक वर्षे पाहत आलो आहे, आणि त्यांतले बहुतेक जण जागा निवडताना समोरचा देखावा तेवढा पाहतात, पायाखालची जमीन पाहत नाहीत.

हिरवळ डोळ्यांना सपाट दिसते, पण क्वचितच सपाट असते. हा धडा मला माझ्याच कमरेने दिला. एका तळ्याकाठची जागा मला इतकी आवडली होती की तीन आठवडे मी रोज तेथेच, एकाच दिशेला तोंड करून आसने करीत होतो. वृक्षासनात उजव्या पायावर मी निवांत उभा राहत असे, डाव्या पायावर मात्र तोल जाई, आणि पुढे कमरेची एक बाजू धरू लागली. दोष मी आधी वयाला दिला, मग अपुऱ्या झोपेला. एके दिवशी आडवी ठेवलेली पाण्याची बाटली सावकाश घरंगळत चटईच्या डाव्या कडेवरून गवतात उतरली, तेव्हा उलगडा झाला. जमिनीला डावीकडे उतार होता. डावा घोटा रोज बाहेरच्या अंगाला कलंडत होता आणि कंबर ते सावरून घेत होती. तेव्हापासून चटई अंथरण्यापूर्वी मी बाटली एकदा लांबीला आणि एकदा रुंदीला ठेवून पाहतो. उतार टाळता येत नसेल, तर चटई उताराच्या दिशेने लांब अंथरावी, म्हणजे दोन्ही पायांना सारखी जमीन मिळते. आडवे होताना डोके चढाकडे ठेवावे. गीतेच्या सहाव्या अध्यायातही आधी शुद्ध जागा येते, मग फार उंच नसलेले व फार सखल नसलेले स्थिर आसन येते, आणि मन एकाग्र करण्याची गोष्ट त्यानंतर येते. घाई असलेल्यांना हा क्रम उलटा हवा असतो.

वाळूत तळहाताचा मनगटाकडचा भाग रुततो आणि अधोमुख श्वानासनात, म्हणजे तळहात व पावले टेकवून कंबर वर उचलताना, मनगट अधिकच मुडपते. गवत मऊ आहे म्हणून तेथे शीर्षासन शिकायला घेणाऱ्यांना माझे एकच सांगणे असते : मऊपणामुळे पडण्याची भीती कमी होते, मानेवरचा भार नाही.

सूर्यनमस्कार घालताना सूर्याकडे टक लावू नये. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाहीत, त्यामुळे इजा होत असतानाही ती कळत नाही. थंडीच्या पहाटे धूर जमिनीलगत अडकून राहिला असेल, तर त्या दिवशी प्राणायाम घरात करावा.

ध्यानाला बसून ‘पक्षी फार ओरडतात’ अशी तक्रार करणारे आणि त्यावर उपाय म्हणून कानांत इअरफोन घालून नदीच्या आवाजाची ध्वनिफीत ऐकणारे, हे दोन्ही प्रकार मला अनाकलनीय वाटतात. बाहेर बसण्याचा सारा लाभ त्या आवाजांतच आहे. आवाज आला, कोणत्या बाजूने आला, केव्हा विरला, एवढेच पाहावे. पक्षी ओळखत बसलात की ध्यान संपले आणि पक्षिनिरीक्षण सुरू झाले.

शवासनात घाम सुकताना अंग पटकन गार पडते, म्हणून चादर जवळ असावी. मुंगी पायावर चढली तरी हलू नये, ती संवेदना पाहत राहावे, असा उपदेश करणारेही भेटतात. मी आधी मुंगी झटकतो आणि मग डोळे मिटतो.