पेन्शनच्या कागदावरून फौजीचं कुटुंब शोधताय? आधी या चुका टाळा

आमच्या घरात एक गोष्ट कायम ठाम होती, की आजोबांचे थोरले भाऊ लग्नाआधीच लढाईत मारले गेले. पुरावा काय, तर पेन्शन पणजीला यायची. बायको असती तर बायकोला आली असती ना, सोप्पा हिशोब. तो हिशोब साफ चुकला होता. त्यांची बायको होती, मुलगी होती, आणि त्या मुलीचा मुलगा सापडला कुठे तर घणसोलीच्या माथाडी कॉलनीत, म्हणजे आमच्या कळव्याच्या घरापासून रिक्षाने जाऊन येण्याच्या अंतरावर.

म्हणून पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, की पेन्शन ज्याच्या नावावर तेच कुटुंब असं धरून चालायचं. पेन्शनचा कागद हक्क कुणाचा ते सांगतो, घरात कोण कोण होतं ते नाही सांगत. लढाईत गेलेल्या शिपायाची फॅमिली पेन्शन आधी विधवेला मिळायची, तिने दुसरं लग्न केलं की बंद, मग ती पुढच्या वारसाकडे जाऊ शकायची म्हणजे मुलं किंवा आईवडील. आमच्याकडे हेच झालेलं. आणि यात अजून एक गंमत आहे, विधवेने नवऱ्याच्या सख्ख्या भावाशी लग्न केलं आणि त्याच घरात राहिली तर पेन्शन चालू ठेवायची सोय नियमात आहे. त्यामुळे पुढची मुलं दिराची असतात, आडनाव तेच, घर तेच, आणि वंशावळ लिहिणारा सगळ्यांना एकाच बापाच्या नावाखाली टाकून मोकळा होतो. कागदावर वारस कोण आहे ते बघाच, पण त्याआधी कुणाचं नाव होतं आणि ते का गेलं हे विचारा.

आमची गाठ सुटली ती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर. दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांची नावं तिथे फुकट शोधता येतात, आणि नावाखाली कधी कधी एक छोटी ओळ असते, अमक्याचा मुलगा, तमकीचा नवरा, गाव, जिल्हा. आमच्या नोंदीत मुलगा नव्हतं लिहिलेलं, नवरा लिहिलं होतं! इटली, १९४४. मी ती ओळ चार वेळा वाचली आणि आईला हाक मारली.

पण ती नोंद मिळायला मला तीन आठवडे लागले, कारण मी आडनाव टाकून शोधत होतो. भारतीय शिपायांचं बऱ्याचदा अख्खं नावच आडनावाच्या रकान्यात भरलेलं असतं, त्यामुळे आधी पहिलं नाव टाकून बघा. स्पेलिंग तर विचारूच नका, साहेबाच्या कानाला जे ऐकू आलं ते कारकुनाने लिहिलं, एकाच पवारांचे दोनतीन अवतार सहज सापडतात. जिल्हाही जुना टाका. रायगड १९८१ पर्यंत कुलाबा होता, सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरीत होता, आणि पालघर तर २०१४ पर्यंत ठाण्यातच. रायगड टाकून १९४४ चा माणूस कसा सापडणार.

बायकांच्या नावाचा घोळ त्याहून वाईट. लग्नात नाव बदलायची आपली पद्धत, कागदावर सासरचं नाव आणि माहेरी तिला त्या नावाने कुणी ओळखतच नाही. मी त्या नावाने दोन गावं पालथी घातली, शून्य. शेवटी गावातल्या नव्वदीच्या एका आजींना नाव न घेता विचारलं, तर म्हणाल्या, "ती वरंधकरीण काय रे?" झालं, माहेर कळलं. म्हणजे गावात विचारताना नाव विचारू नका, कुठल्या गावची होती ते विचारा.

आता दुसरी टोकाची चूक, पेन्शनचा कागदच नाही म्हणजे आजोबा फौजेत नव्हतेच, उगाच सांगायचे. असं नसतं हो. जवानाला पेन्शनसाठी साधारण पंधरा वर्षं नोकरी लागते, आणि दुसऱ्या महायुद्धात भरती झालेले लाखो लोक लढाई संपल्यावर पाचसहा वर्षांच्या नोकरीवरच घरी आले, त्यांना पेन्शन लागू झालीच नाही. आणि घरी येऊन आजारपणात वारलेल्या पेन्शनरच्या बायकोला सध्यासारखी फॅमिली पेन्शन मिळणं सुरू झालं १९६४ च्या योजनेपासून, त्याआधीच्या कित्येक विधवांचा कुठे कागदच नाही. कागद नाही म्हणून बाईच नव्हती असं लिहू नका.

ठाण्याकडच्या लोकांची एक खास चूक आहे. घरात सांगतात, "बाबा मिलिटरीत होते", आणि असतात अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत कामगार. "नेव्हीत होते" म्हणजे नेव्हल डॉकयार्डात फिटर. मान सगळ्यांनाच, पण ते सिव्हिलियन, त्यांच्या पेन्शनचा कागद वेगळा आणि रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये त्यांचं नाव असायचं कारण नाही. उलटंही होतं बरं का, जुन्या कागदावर 'जमादार' वाचून घरचे भलताच अर्थ लावून गप्प बसतात, तो फौजेतला ऑफिसरचा हुद्दा होता, आजचा नायब सुभेदार.

कुठे लिहायचं यातही लोक महिने घालवतात. सगळं दिल्लीला किंवा प्रयागराजला पाठवतात. प्रयागराजला आर्मीच्या पेन्शनचा हिशोब आहे, माणसाची माहिती त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला असते. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर पलटणीचं खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, नेव्हीच्या खलाशांचं तर इथेच मानखुर्दला. महार रेजिमेंट १९४१ ची आहे हे लक्षात ठेवा, पहिल्या महायुद्धातली १११ वी महार पलटण वेगळी, १९१७ ला उभी राहिली आणि १९२१ ला मोडली, सागरला तिचा माणूस शोधून उपयोग नाही. आणि स्पर्श या संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवर नाव टाकून आजोबा सापडतील या आशेवर राहू नका, तिथे पेन्शनर स्वतःचं लॉगिन करतो, ती काही डिरेक्टरी नाही.

माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. पण "आमच्या आजोबांची संपूर्ण माहिती द्यावी" असं लिहिलंत तर उत्तर येणार की माहिती उपलब्ध नाही. आर्मी नंबर, हुद्दा, भरतीचं आणि सुटल्याचं अंदाजे वर्ष द्या, नातं सिद्ध करणारे कागद जोडा नाहीतर खासगी माहिती म्हणून नाकारतात. पेन्शन नसलेल्यांच्या फाइली पंचवीस वर्षांनी नष्ट करतात, त्यामुळे नुसती फाइल मागू नका, लाँग रोलमधली म्हणजे भरती झालेल्यांच्या नोंदवहीतली नोंद मागा, ती कायम ठेवतात. नंबर कुठून आणायचा, तर माळ्यावरची पेटी, जुनं बँक पासबुक, मेडलची कड. हो, मेडलच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं, पॉलिश करू नका.

डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळणारं पुस्तक, मिळालं तर लॉटरीच, गाव, तालुका, पोस्ट, पोलीस ठाणं, जवळचं स्टेशन सगळं त्यात. तरी डोकं वापरा. माझ्या कळव्याच्या मित्राने आजोबांच्या बुकात जवळचं स्टेशन 'पूना' वाचलं आणि दोन महिने पुण्यात भावकी शोधत फिरला. गाव पोलादपूरचं होतं! कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ ला, तेव्हा त्या लोकांना कुठलं स्टेशन लिहायला सांगणार.

आता शेवटचा घोळ मी स्वतः घातलेला. घणसोलीचा नंबर मिळाल्यावर उत्साहात फोन केला आणि पहिलंच वाक्य बोललो, "तुमच्या आजीच्या पेन्शनबद्दल बोलायचं होतं." पलीकडून फोन कट. परत केला, परत कट, तिसऱ्यांदा शिवी. बरोबरच आहे, पेन्शनचं नाव काढून पीपीओ म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डरचा नंबर आणि ओटीपी मागणारे रोज कितीतरी फोन येतात, हयातीच्या दाखल्याच्या दिवसांत तर जास्तच. फोनवर पेन्शन, आधार, बँक हे शब्दच काढू नका, आणि सापडलेले पीपीओचे फोटो फॅमिली ग्रुपवर टाकू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पत्ता मागितलात तर देणार नाहीत, देऊही नये, तुमची चिठ्ठी पुढे पाठवतील का तेवढं विचारा. मी शेवटी आत्याला घेऊन रविवारी सकाळी गेलो. दारातच आत्याने पिशवीतून पणजीचा फोटो काढून दाखवला, तर आतून एक बाई आल्या, फोटो हातात घेतला आणि म्हणाल्या, "हा आमच्याकडे पण आहे, पण आमच्यात अर्धा फाडलेला."