दाबोळीतल्या जुन्या विमानांचं पुढे काय झालं हे शोधायचं असेल तर

बोगमाळोच्या रस्त्यावरच्या नौदलाच्या म्युझियममध्ये फोटो सगळेच काढतात, पण तिथल्या एखाद्या विमानाची जन्मापासूनची हकीकत काढायची म्हटली की लोक पहिल्याच पायरीला अडकतात, कारण ते विमानाचं मॉडेल शोधत बसतात. ‘सी हॅरियर’ म्हणून शोधलंत तर पानंच्या पानं येतील आणि हातात काही लागणार नाही. आपल्याला नेमकं एकच विमान धरायचंय, आणि त्यासाठी त्याच्या अंगावरचा नंबर पाहिजे. म्हणून आधी नंबराचा फोटो घ्या, मग बाकीच्या विमानाचा. सेल्फी सगळ्यात शेवटी.

आता गंमत अशी की एका विमानाला आयुष्यात तीन-चार नंबर लागलेले असतात. म्युझियममधली ती लांबलचक तीन शेपट्यांची सुपर कॉन्स्टेलेशन घ्या. आज तिच्यावर आयएन ३१५ लिहिलंय. त्याआधी ती हवाई दलात बीजी ५७९ होती, आणि त्याच्याही आधी एअर इंडियाची व्हीटी-डीएचएम, नाव ‘रानी ऑफ एलोरा’. एअर इंडियाने बोइंग जेट आणल्यावर या कॉनी (म्हणजे कॉन्स्टेलेशन) १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हवाई दलाकडे गेल्या, १९७६ मध्ये समुद्रावर पाळत ठेवायचं काम नौदलाकडे आलं तेव्हा त्यातली पाच विमानं दाबोळीला आली. म्हणजे तुम्ही फक्त आयएन ३१५ शोधत राहिलात तर तिचं अर्धं आयुष्य तुम्हाला दिसणारच नाही. हे आपल्या गोव्यातल्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यासारखं आहे, जमीन तीच पण नाव बदलत गेलेलं, तर मागचं म्युटेशन कधी आणि कोणाकडून झालं ते बघत बघत मागे जायचं. न बदलणारा नंबर एकच, कारखान्यातला कन्स्ट्रक्शन नंबर, तो मिळाला की वहीत सगळ्यात वर लिहा आणि बाकीचे नंबर तारखेसकट त्याच्या खाली.

नंबर शोधताना सगळे प्रकार टाकून बघा, मध्ये डॅश देऊन, जागा सोडून, जोडून. नौदलाच्या सुरुवातीच्या विमानांवर आयएन नाही तर आयएनएस असायचं, म्युझियममधलं शॉर्ट सीलँड आयएनएस १०६ आणि फेअरी फायरफ्लाय आयएनएस ११२ त्याच काळातली. (हे सीलँड नीट बघून घ्या, पाण्यावर उतरणारं विमान आहे आणि जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरलीयत, पण लोक त्याच्यासमोरून आइस्क्रीम खात निघून जातात.) आयएनएस टाकलं की जहाजांचा पूर येतो, तेव्हा सोबत विमानाचं नावही टाका. फोटोत नंबर अर्धाच दिसत असेल तर सिरीज कामाला येते, सी हॉक १५१ पासून, अलिझे २०१ पासून, सी हॅरियर ६०१ पासून पुढे. आणि स्क्वाड्रनचा नंबर वेगळा, विमानाचा वेगळा, हे डोक्यात फिट करा. आयएनएएस (नौदलाचं विमानांचं स्क्वाड्रन) ३१५ हे इल्युशिन-३८ विमानांचं, कॉनी होत्या ३१२ स्क्वाड्रनमध्ये, आणि त्यातल्या एका कॉनीचा स्वतःचा नंबर ३१५! नेटवर या दोघांची खिचडी केलेली पानं भरपूर आहेत.

रंगावर विश्वास ठेवू नका. प्रदर्शनात ठेवलेलं विमान दर काही वर्षांनी रंगवतात, पावसाळ्यात इथे लोखंडसुद्धा टिकत नाही तर पेंटचं काय, आणि रंगवताना नंबर चुकू शकतो, किंवा एका विमानाचं शेपूट दुसऱ्याला लागलेलं असू शकतं. म्हणून जुना फोटो आणि आजचा फोटो शेजारी ठेवून बघायची सवय लावा, पॅनलचे जोड, अँटेना, ठिगळं. चाकाच्या खाचेत किंवा कॉकपिटमध्ये कारखान्याची पट्टी असते, पण त्यासाठी आत चढू नका, तिथल्या स्टाफला नीट विचारा.

एकोणीसशे एकसष्टच्या आधीचं शोधायचं असेल तर खेळच वेगळा. पोर्तुगीज भारतातल्या विमानांचं रजिस्ट्रेशन सीआर-आय पासून सुरू व्हायचं, आणि इथली स्वतःची एअरलाइन होती, टाइप (TAIP) नावाची, १९५५ मध्ये सुरू झालेली. १८ डिसेंबर १९६१ ला पुण्याहून आलेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या रनवेवर बॉम्ब टाकले, टर्मिनलला धक्का लावायचा नाही अशी ऑर्डर होती. तिथे उभी असलेली दोन प्रवासी विमानं वाचली आणि रात्री त्याच फुटक्या रनवेवरून उडून कराचीला गेली. एक सुपर कॉन्स्टेलेशन यावर सगळ्यांचं एकमत आहे, दुसऱ्याला कोणी डीसी-४ म्हणतं, कोणी डीसी-६. असं कुठेही दिसलं की बहुमताने निकाल लावू नका, कारण दहा जणांनी एकाचंच कॉपी केलेलं असतं. त्यापेक्षा त्या वेळच्या एअरलाइनच्या ताफ्याची यादी घ्या, प्रत्येक विमान १९ डिसेंबरनंतर कुठे दिसतं ते बघा, नवीन रजिस्ट्रेशन कधी लागलं, कोणाच्या नावावर. पुढे जे कुठेतरी उडताना दिसतं आणि त्या दिवशी दाबोळीत होतं असं कागद सांगतो, ते आपलं.

कागदासाठी पणजीत पाटोवरची कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी. १८३२ ची संस्था आहे आणि जुनी वर्तमानपत्रं, पोर्तुगीज काळाची सुद्धा, तिथे बघता येतात. जाताना तारीख ठरवून जा, नुसतं ‘विमान’ म्हणून फाइली उलटत बसलात तर संध्याकाळ होईल. अपघात झाला असेल तर त्या दिवसाचा पेपर सोडा, त्यानंतरचे चार-पाच दिवस बघा, पहिल्या दिवशीचा आकडा आणि विमानाचा प्रकार हमखास बदलतो. पोर्तुगीज येत नसेल तर घरातल्या नाहीतर शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन जा, त्यांनाही मजा येते. नौदलाच्या विमानांसाठी लोकसभेतली लेखी उत्तरं नेटवर आहेत, किती विमानं घेतली, किती पडली, कधी रिटायर केली हे तिथे सरकारच्या तोंडून मिळतं.

मोजणी जुळवणं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगी काम. इल्युशिन-३८ पाच आली, आयएन ३०१ ते ३०५. १ ऑक्टोबर २००२ ला, स्क्वाड्रनच्या रौप्यमहोत्सवाच्या दिवशी, ३०२ आणि ३०४ दाबोळीवर हवेत एकमेकांना धडकली. राहिली तीन. पण नंतर रशियाकडून बदली विमानं आली, त्यामुळे ‘पुन्हा पाच’ असं वाचलंत तर ती तीच पाच नव्हेत. असा हिशोब केला की कुठलं विमान बेपत्ता आहे ते आपोआप समोर येतं. शेवटचं इल्युशिन-३८ ३१ ऑक्टोबर २०२३ ला आयएनएस हंसावर, म्हणजे दाबोळीच्या नौदल तळावर, निवृत्त झालं, म्हणजे त्यावर काम केलेली माणसं आत्ता वास्को, चिखलीच्या आसपास भेटतात, वेळ घालवू नका.

माणसांशी बोलताना थेट नंबर विचारू नका, नंबर कोणाला आठवत नाही. फोटो दाखवा आणि विचारा, काका तुम्ही यावर काय काम करायचात, शेवटी हे कुठे उभं होतं, कोणत्या साली? इंजिन फिटर असेल तर बहुतेक वेळा पायलटपेक्षा जास्त सांगतो. आणि २००२ सारख्या अपघाताबद्दल विचारताना जपून, समोरच्याचा मित्र त्यात गेलेला असू शकतो. तो गप्प झाला तर विषय बदला.

वहीत शेवट लिहिताना शब्द नीट वापरा. ‘वापरातून काढलं’ म्हणजे भंगारात गेलं असं नाही, ते शेडमागे दहा वर्षं उभं राहू शकतं, पार्ट काढायला. ‘नष्ट’ तेव्हाच लिहा जेव्हा पुरावा असेल, जसं १० डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानी स्टारफायटरने पाडलेलं अलिझे. बाकी सगळ्यांसाठी ‘शेवटचं दिसलं’, जागा आणि महिना-वर्ष. सरकारी भंगाराचे ई-लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या साइटवर होतात, तिथल्या यादीत कधीकधी विमानाचा सांगाडा निघतो, तेव्हा यादीचा स्क्रीनशॉट लगेच घ्या कारण लिलाव झाला की पान शोधून मिळेलच असं नाही.

आणि हे हसण्यावारी नेऊ नका: दाबोळी हा नौदलाचा तळ आहे. रनवे, हँगर, उभी असलेली नौदलाची विमानं, खिडकीतून असो की कंपाउंडवरून, फोटो काढायचे नाहीत. म्युझियममध्ये परवानगी आहे तिथे हवे तेवढे काढा. सोमवारी बंद असतं, बसने येणाऱ्यांनी तेवढं बघून निघा.