हा उतारा मुलांना झेपेल का, कसं बघायचं

आधी मी अप्पा बळवंत चौकात पुस्तकाच्या मागचं ‘वय ८ ते १०’ बघून पुस्तकं उचलायचे, आता त्याच्याकडे बघतही नाही. हडपसरला माझ्याकडे पाचवीची मुलं शिकवणीला येतात, एकाच वयाची दोघं, एकाचं पान वाचून संपतं तेव्हा दुसरा तिसऱ्या ओळीत अडकलेला असतो.

उतारा ऑनलाइन टूलमध्ये टाकून तो किती सोपा याचा स्कोअर काढायच्या भानगडीत पडू नका. असा स्कोअर काढणारं फ्लेशचं १९४८ चं सूत्र घ्या, वाक्यात शब्द किती आणि शब्दात सिलेबल (उच्चाराचे तुकडे) किती एवढंच मोजतं, तेही इंग्रजीसाठी. मराठीत ‘शाळेसमोरच्या’ एवढा लांब शब्द पोरं सहज वाचतात आणि ‘ऋण’ला गाडी बंद.

त्यापेक्षा उताऱ्याच्या मधले साधारण १०० शब्द घ्या (सुरुवात बऱ्याचदा सोपी असते, फसायला होतं) आणि मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या, अडेल तिथे पेन्सिलने टिंब. एखादंच टिंब आलं तर एकट्याला वाचू दे, पाचापर्यंत असेल तर तुम्ही शेजारी बसा, दहाच्या वर गेलं की पुस्तक सरळ बाजूला. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं तर टिंब द्यायचं नाही हं, ती त्याची घरची बोली आहे, चूक नाही.

खरी गंमत पुढे आहे. आपली लिपी बरीचशी लिहिल्यासारखीच वाचली जाते, त्यामुळे पोरगं ‘अनुषंगाने’ खणखणीत वाचतं आणि अर्थ शून्य, आणि आपण खूश. म्हणून पुस्तक मिटून विचारायचं, काय झालं सांग. धड्यातलीच वाक्यं परत आली तर पाठ झालंय, स्वतःच्या शब्दांत आलं तर कळलंय. वेळ असेल तर दर पाचवा शब्द खोडून भरायला द्या, ही क्लोझ नावाची पद्धत १९५३ पासूनची आहे. निम्मे जमले तरी ठीक समजा, आपल्याकडे प्रत्यय शब्दालाच चिकटतो म्हणून ‘घरात’च्या जागी ‘घरी’ आलं तरी मी मार्क देते.

आणि विषय ओळखीचा आहे का तेही बघा. भातलावणीचा उतारा दिला होता, मुळशीकडचा मुलगा अडखळत वाचून चिखलणी कशी करतात ते हातवारे करून सांगत होता आणि सोसायटीतली मुलगी एकही टिंब न घेता वाचून म्हणाली, मॅडम, भात चिखलात का टाकला?