कठीण उतारा वाचताना: आधी पावलं ऐका

एम.ए.ला आयरिश लेखक जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ (1922) या कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणाची सुरुवात अभ्यासाला होती. पहिल्याच वाक्यात मी अडकले. ॲरिस्टॉटल, दान्ते, मध्येच जर्मन शब्द. प्रत्येकाची तळटीप उतरवून घेतली. वही भरली, पण उताऱ्यात घडतं काय, हे सांगता येईना.

मग टीपा बाजूला ठेवून उतारा मोठ्याने वाचला. कादंबरीतला तरुण स्टीफन डब्लिनजवळच्या सँडिमाउंटच्या किनाऱ्यावर चालतोय आणि त्याने डोळे मिटलेत. बुटांखाली शेवाळ, शिंपले करकरतायत. आंधळी माणसं टेकतात तशी काठी टेकून बघावी, असं त्याच्या मनात येतं. थोड्या वेळाने तो डोळे उघडतो. घटना एवढीच.

ती हाती आली तेव्हा तळटीपाही बोलू लागल्या. दिसणाऱ्या वस्तू शेजारीशेजारी असतात, ऐकू येणारे आवाज एकामागून एक. ‘नेबेनआइनांडर’ आणि ‘नाखआइनांडर’ या जर्मन शब्दांचा अर्थ हाच. जर्मन लेखक लेसिंगने 1766 साली ‘लाओकोऑन’ या ग्रंथात चित्र आणि काव्य यांच्यात असाच भेद केला होता. स्टीफन मात्र तो पायांनी पडताळून बघतोय: ‘पाच, सहा’ असं मोजत.

दुसरी अडचण सर्वनामांची. ‘स्टीफनने डोळे मिटले’ हे निवेदकाचं वाक्य. लगेच पुढे ‘तू चालतोयस’, आणि त्याला उत्तर ‘मी’चं. अवतरणचिन्हं कुठेच नाहीत. मी समासात पेन्सिलीने ‘तो’, ‘तू’, ‘मी’ लिहीत गेले, तेव्हा तो स्वतःशीच बोलतोय हे दिसलं. याला संज्ञाप्रवाह म्हणतात खरं (मनातले विचार येतील तसे मांडणं), पण उत्तरपत्रिकेत तेवढं नाव लिहून थांबू नका. आवाज कुठे बदलतो ते ओळीवर बोट ठेवून दाखवा. माझ्या मते खरं विवेचन तिथून सुरू होतं.

अडलेलं वाक्य मी मराठीत करून बघते. डोळे उघडल्यावर स्टीफन म्हणतो, जग सगळा वेळ इथेच होतं, ‘विदाउट यू’. ‘तुझ्याविना’ लिहिलं आणि थांबले. जुन्या इंग्रजी वापरात ‘विदाउट’ म्हणजे ‘बाहेर’सुद्धा. जग त्याच्या बाहेर आहे, आणि त्याच्याविनाही आहे. मराठीत एक शब्द निवडावाच लागतो. मी दोन्ही लिहिले, मध्ये तिरकी रेघ ओढली, आणि माझ्या निबंधाचं पहिलं पान त्या रेघेवरच लिहिलं.