बर्डबाथखाली चिखल आणि कुबट वास? या चुका टाळा

पक्ष्यांसाठी पाणी ठेवणारे बरेच जण भांडं नेमाने घासतात पण खालच्या जमिनीकडे कोणी बघतच नाही, आणि मग थोड्याच दिवसांत तिथे असा वास सुटतो की जवळ उभं राहवत नाही. सगळा दोष आपण पक्ष्यांच्या शिटेला देतो, पण खरं कारण बहुतेक वेळा ओल असते. माती सतत भिजलेली राहिली की तिच्यात हवा खेळत नाही, मग हवेशिवाय जगणारे जिवाणू वाढतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. म्हणून आधी पाण्याचं बघा.

जुनं पाणी तिथल्या तिथे पालथं करू नका. बादलीत घ्या आणि लांबच्या फुलझाडांना घाला, फक्त पालेभाजीवर नको. भांडं काठोकाठ भरायचीही गरज नसते, 3 ते 5 सेंमी पाणी पुरे, लहान पक्षी त्याहून खोल पाण्यात उतरायला घाबरतातच. आणि भांडं कललेलं असेल तर पाणी रोज एकाच बाजूला सांडतं, ते आधी सपाट बसवा.

वास मारायला फिनाईल किंवा डांबर गोळ्या, हे तर अजिबात नको! पक्षी त्याच मातीत चोच घालतात, मांजरं तिथून फिरतात, त्यांना हे विषारी आहे, आणि ओल तशीच राहिल्यामुळे वास परत येतोच. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करण्याचा प्रयोगही कोणी करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

वाळलेली शीट कोरड्या झाडूने झाडणं ही चूक मला सगळ्यात काळजीची वाटते. जुन्या शिटेच्या थरात रोगजंतू असू शकतात, काही ठिकाणी हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशीही वाढते आणि तिचे बीजाणू धुळीबरोबर थेट फुप्फुसात जातात. आधी पाणी शिंपडा, मास्क आणि ग्लोव्हज घाला, मग खुरप्याने खरवडून काढा.

दाण्यांचं भांडं शेजारीच टांगलं असेल तर ते लांब हलवा, कारण टरफलं ओल्या जमिनीवर पडून बुरशी धरतात आणि उंदीर येतात ते वेगळंच. वर फांदी असेल तर शीट आणि पानं दोन्ही खाली पडणार, तेव्हा जागा बदलणं सोपं.

काही जण खाली प्लास्टिक अंथरतात, त्याने पाणी मुरतच नाही. त्यापेक्षा भांड्याच्या कडेपासून हातभर बाहेरपर्यंत 5 ते 8 सेंमी माती काढा, पाणी झिरपेल असं कापड टाका आणि वर खडी भरा. खडी सकाळी पाइपने धुवायची म्हणजे दिवसभरात वाळते, संध्याकाळी धुतली की रात्रभर ओली.

एवढं करूनही वास येत असेल तर तिथे थोडं खणून बघा. माती काळपट आणि घाण वासाची निघाली तर वरचा थर काढून टाका, जागा उन्हात पूर्ण वाळू द्या आणि तोवर बर्डबाथ दुसरीकडे ठेवा. आसपास आजारी किंवा मेलेले पक्षी दिसले तर मात्र भांडं रिकामं करून, निर्जंतुक करून निदान 2 आठवडे आत ठेवून द्या, म्हणजे पक्षी एका जागी गर्दी करणार नाहीत आणि रोग पसरणार नाही.